अजून एक मारता आला असता का?

आमच्या मैदानावर नवं पोर येतं तेव्हा त्याच्या पायात धड बूट नसतात, पण दमण्याविषयीची मतं मात्र पक्की झालेली असतात. दमलो म्हणजे काम झालं. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणजे चांगलं काम झालं. पळून झाल्यावर कुंपणापाशी जाऊन उलटी केली, तर त्या दिवशी तो बाकीच्यांत जरा ताठ मानेने वावरतो. माण तालुक्यात, सातारा जिल्ह्याच्या या कोरड्या बाजूला, मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो आणि शाळा भरण्याआधी, पहाटे, पोलीस भरतीच्या पोरापोरींचं ग्राउंड घ्यायचो. शाळेतून निवृत्त झालो, ग्राउंडवरून नाही. इतक्या वर्षांत ‘जोरात पळ’ हे सांगण्यात माझा घसा जितका बसला, त्याहून जास्त ‘हळू पळ’, ‘आज पळू नकोस’, ‘घरी जाऊन झोप’ हे सांगण्यात बसला. पालकांना हे पटत नाही. एका बापाने मला तोंडावर सांगितलं होतं, “गुरुजी, पोरगं घरी येऊन हसतंय, बोलतंय, म्हशीची धार काढतंय. तुमी त्याला पळवता का नुसतं फिरवून आणता?”

मी म्हणालो, धार काढता येतेय तोवर ठीक चाललंय.

भरतीचं गणित ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत काढले तर २० पैकी २०. मुलींना ८०० मीटर, तिथे पूर्ण गुणांची वेळ २ मिनिटं ५० सेकंद. उरलेले ३० गुण १०० मीटर आणि गोळाफेकीचे. मग लेखी. १६०० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर चार राउंड, प्रत्येक साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. सराव असलेल्या धावपटूला ही वेळ किरकोळ वाटेल. पण बारावी होऊन दोन वर्षं ट्रॅक्टरवर काढलेलं पोर पहिल्या दिवशी सहा-साडेसहा मिनिटांत येतं, ते धापा टाकतच. त्याला जाहिरात निघायच्या आत मिनिटभर खाली यायचंय. गुण वेळेच्या टप्प्यांनी कमी होतात आणि मेरिट एकेका गुणावर अडतं. मग ते काय करतं? रोज पहाटे मोबाइलवर घड्याळ लावून १६०० मीटर जीव तोडून पळतं. आज ६:१५. उद्या ६:०८. परवा ६:०२. पंधरा दिवस सगळं छान चालतं. शरीर नव्या कामाला चटकन हात देतं: रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, पायांना ताल सापडतो. पोराला वाटतं, असंच रेटत गेलो तर महिन्यात ५:१० दारात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते लंगडत येतं आणि म्हणतं, “सर, शिन पेन.” म्हणजे नडगीचं दुखणं.

हा तिसरा-चौथा आठवडा योगायोगाने येत नाही. हृदय आणि स्नायू आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायूबंध महिन्यांत. त्यातही हाडाची तऱ्हा अशी की, नवा भार आला की ते आधी जुना थर काढून टाकतं आणि मग नवा घालतं. डांबर टाकण्याआधी रस्ता खणून ठेवावा तसं. खणलेल्या आठवड्यांत नडगी पहिल्यापेक्षाही कच्ची असते आणि नेमक्या त्याच आठवड्यांत पोराचा दम वाढलेला असतो, म्हणून ते आणखी जोरात पळतं. सैन्यात नव्याने भरती झालेल्या जवानांच्या नडगीला याच सुमाराला चिरा पडतात, हे लष्करी डॉक्टरांना केव्हापासून माहीत आहे. आम्हा शिक्षकांना ते कुणी शिकवलं नाही. बी.पी.एड.ला असताना कबड्डीच्या मैदानाची मापं मात्र तोंडपाठ करून घेतली होती.

मी आता बोटाने दाबून बघतो. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर दुखत असेल तर बहुधा आवरणाला सूज आहे. भार कमी केला, मातीवर पळवलं, पोटऱ्यांचे व्यायाम दिले की उतरते. एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत कळ जात असेल आणि एका पायावर उडी मारताना पोर तोंड वाकडं करत असेल, तर मी त्याला त्या क्षणी मैदानाबाहेर बसवतो. एक्स-रेत सुरुवातीला काही दिसत नाही, हीच मोठी पंचाईत. पोर फोटो घेऊन येतं, “काय न्हाई म्हणले डॉक्टर,” आणि दुसऱ्या दिवशी पट्टी आवळून पळायला उभं राहतं. एक जण गोळी खाऊन पळायचा. दुखणं बंद झालं म्हणजे दुखापत बंद झाली, असा त्याचा हिशोब. दुसऱ्या एका अकॅडमीतून तो माझ्याकडे आला होता; तिथे सकाळी दहा किलोमीटर डांबरी रस्त्यावर आणि संध्याकाळी सगळ्या बॅचची ‘फायनल’ असायची. रोज फायनल. माझ्याकडे आल्यावर पहिले सहा आठवडे तो एकदाही पळाला नाही. सायकल मारली, विहिरीत पोहला आणि मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असणार.

आमच्याकडे आठवड्यातून दोनच दिवस जड असतात. मंगळवारी ट्रॅकवर तुकडे, गुरुवारी टेकडीचा चढ. रविवारी लांब, पण सावकाश. बाकीचे दिवस इतके हलके की पोरांना लाज वाटते. ५:१० चं पोर हलक्या दिवशी किलोमीटरला पाच-साडेपाच मिनिटं घेतं, आणि म्हणतं, “सर, एवढं हळू आमची आजी पळंल.” वेग आवरण्यासाठी मी त्यांना पाढे म्हणायला लावतो. एकोणतीसचा पाढा न अडखळता, मध्ये श्वास न तोडता म्हणता आला तर वेग बरोबर. पाढा तुटला तर पाय आवर. (पाढाच येत नसेल तर लेखीचं अवघड आहे, दोन्ही कामं एकदम उरकतात.) वर्गात ज्यांनी कधी पाढा पूर्ण केला नाही, त्यांनी वावरांच्या कडेने पळत एकोणतीस दाही दोनशे नव्वद केलेलं मी ऐकलंय.

हळू पळून वेग कसा वाढतो, हे समजावणं सगळ्यात कठीण. सावकाश धावण्यातही हृदय, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या, पेशींत ऊर्जा तयार करणारी यंत्रणा, सगळं वाढत असतं. शिवाय त्याचा थकवा रात्रीच्या झोपेत भरून निघतो, म्हणून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतं. पोरांचे दिवस वाया जातात ते मधल्या वेगात. हलका दिवस थोडा जोरात, जड दिवस थोडा हळू, कारण पाय आदल्या दिवशीचे उरलेलेच. आठवडाभर सगळं एकसारखं कष्टाचं आणि मंगळवारी चारशे मीटरचा जो तुकडा ७६ सेकंदांत यायला हवा, तो ८१ मध्ये येतो. पोर म्हणतं, मी कमी पडतोय, अजून जोर लावायला पाहिजे. आणि बुधवारी आणखी जोरात पळतं.

न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करत आणि शेजारपाजारच्या पोरांना पळवत. ८०० मीटरच्या धावपटूलाही आठवड्याला शंभर मैलांच्या घरात पळवायचं, ही त्यांची रीत त्या काळी वेडेपणाची मानली जाई. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन पोरांनी एकाच दिवशी सुवर्ण आणलं, पीटर स्नेलने ८०० मध्ये आणि मरे हालबर्गने ५००० मध्ये. माझा एक शिक्षक मित्र यावर झाटोपेकचं नाव पुढे करतो. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक, हेलसिंकीला १९५२ मध्ये ५०००, १०,००० आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णं. सरावात एका दिवसात चारशे मीटरचे शंभर तुकडे मारल्याची ख्याती. “बघा, हे खरं मरण!” मित्र म्हणतो. पण शंभर तुकडे मारायचे तर ते सगळे जीव तोडून मारताच येत नाहीत, एवढं साधं गणित त्यात आहे. आणि ते शंभर काही पहिल्या महिन्यातले नव्हते.

आमच्या पोरांचे देव जवळचे आहेत. ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीची. २०१६ मध्ये रिओला तिने ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. तिच्या गावच्या रस्त्याने पळताना पोरींच्या अंगात वेगळंच वारं शिरतं. दुसरा अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत ८:११.२० वेळ देऊन रौप्य आणणारा, सुवर्णापासून अवघे पाच शतांश सेकंद मागे. लहानपणी शाळेसाठी तो सहा किलोमीटर जायचा, हे प्रत्येक पोराला पाठ आहे आणि ते जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. मला त्यात दुसरंच दिसतं. कुणी घड्याळ लावलेलं नाही, मार्क नाहीत, उशीर झाला तर पळायचं, नाहीतर चालायचं, आणि हे वर्षानुवर्षं. हाडं, घोटे, फुप्फुसं घाई न करता घडत गेली. पुढे सैन्यात गेल्यावर लष्करी सरावाचा भार ज्या शरीरावर पडला, ते शरीर आधीच तयार होतं. मोटरसायकलवर शाळेत गेलेल्या पोराने त्या सरावाचा व्हिडिओ बघून सोमवारपासून तसंच सुरू केलं, तर त्याचं काय व्हायचं ते होतंच.

प्रत्येकाची एक वही असते. पहाटे अंथरुणात असतानाची नाडी, झोपेचे तास आणि सरावानंतर दहापैकी किती कठीण गेलं तो आकडा. ही कल्पना माझी नाही. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने श्रम माणसाच्या स्वतःच्या जाणिवेवरून मोजायची पट्टी बनवली, ती ६ ते २० अशी होती. आम्ही दहावर आणली. सुरुवातीला वह्यांचा काही उपयोग झाला नाही, कारण सगळे रोज नऊ लिहायचे. सहा लिहिलं तर सरांना वाटेल कामचुकार आहे. हलक्या दिवशीही नऊ! म्हणून मी प्रश्न बदलला. तुकडे संपल्यावर, लगेच नाही, चपला घालून घरी निघताना विचारतो, “अजून एक मारता आला असता का?” उत्तर ‘हो’ आलं पाहिजे. ‘हो सर, दोन आले असते’ असं सलग दोन मंगळवार आलं, तर तिसऱ्या मंगळवारी मी एक वाढवतो. ‘न्हाई सर, मेलो’ आलं, की बुधवारची सुट्टी. सुट्टी शिक्षा वाटू लागल्यावर पोरं खरं बोलायच्या ऐवजी उलट्या बाजूने खोटं बोलायला लागली, हेही खरं. त्यासाठी नाडी आहे. रोज ५४ असणारी नाडी तीन दिवस ६३ वर राहिली, तर पोर काहीही सांगो, मला कळतं.

एक गैरसमज मी हाताने पुसत बसलोय आणि पुसला जात नाही. दोन दिवसांनी मांड्या दुखतात तेव्हा पोरं म्हणतात, “अ‍ॅसिड भरलंय, पळून मोडतो.” ते लॅक्टिक अ‍ॅसिड पळणं थांबल्यावर तासाभरात निघून गेलेलं असतं. दोन दिवसांनी दुखतं ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेमुळे. त्यावर पुन्हा जोरात पळणं म्हणजे औषध नव्हे.

विश्रांतीचं मोल कुणाला पटत नसेल तर मी गोळेश्वरचं नाव घेतो. कराडजवळचं गाव, आमच्याच जिल्ह्यातलं. खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य. त्यांची हकिगत सांगतात ती अशी: जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं. नियमाने मधे अर्धा तास मिळायला हवा होता. भांडायला आपला कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता. ती कुस्ती गेली. पोरं ऐकून हळहळतात. मी म्हणतो, तिथे अर्धा तास मिळाला नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटतं आणि स्वतःला दोन दिवस द्यायचे तर जिवावर येतं.

मुलींचं वेगळं आहे आणि ते मी एकट्याने कधीच सांभाळू शकलो नसतो. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मुलींच्या वहीत वेगळं पान सुरू केलं, पाळीच्या तारखांचं. ते पान मी बघत नाही; बाई मला एवढंच सांगतात की अमुकीचा भार कमी करा. सराव वाढला, खाणं तेवढंच राहिलं किंवा ‘हलकं व्हायचंय’ म्हणून कमी केलं, की पाळी लांबते, मग थांबते. मुलींना ती कटकट गेल्याचा आनंदच होतो. काही प्रशिक्षकही ती कष्टाची खूण समजतात. प्रत्यक्षात शरीराला खर्चाएवढं अन्न मिळत नाही, म्हणून ते एकेक खातं बंद करत चाललेलं असतं आणि त्याबरोबर हाडही झिजत असतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याविषयी सविस्तर निवेदन काढलं, आणि त्यात पुरुष खेळाडूही धरले. त्यात आपल्याकडे रक्ताची कमतरता. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचं सरकारी पाहणीच सांगते. सातत्याने मागे पडणारी मुलगी आळशी आहे की तिचं हिमोग्लोबिन नऊ आहे, हे शिट्टी फुंकून कळत नाही. ग्रामीण रुग्णालयात जाऊन कळतं. एक मुलगी आमच्याकडे ३:२० वर अडकून बसली होती. लोहाच्या गोळ्या, त्या चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर, दोन अंडी, गूळ-शेंगदाणे, आणि सराव आधीपेक्षा कमी. काही महिन्यांनी ती तीन मिनिटांच्या आत आली. तिची आई मला म्हणाली, “तुमी लई पळवलं बघा तिला.” मी काही बोललो नाही.

उन्हाची गोष्ट टाळता येत नाही. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही तरुण दगावले. त्यानंतर ते अंतर तीन किलोमीटरवर आणलं गेलं. आता १६०० मीटर आहे. पण अंतर कमी केल्याने सगळं सुटत नाही. पोर रात्रभर एसटीने किंवा रेल्वेने जातं, फुटपाथवर टेकतं, उपाशीपोटी रांगेत उभं राहतं आणि नंबर लागतो तेव्हा ऊन डोक्यावर असतं. त्या क्षणी त्याच्या कानात काय वाजत असतं? आम्हीच घातलेलं: सोडायचं नाही, मेलो तरी चालेल. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, म्हणून भरतीच्या तारखा लागल्या की आम्ही काही सराव मुद्दाम नऊ-दहा वाजता घेतो, हलका. आणि मी स्पष्ट सांगून पाठवतो: घाम बंद झाला, थंडी वाजली, शब्द फुटेना झाले, तर थांबायचं. भरती पुन्हा निघते.

याचा अर्थ कधीच रेटायचं नाही असा कुणी काढू नये. १६०० मीटरमध्ये तिसरा राउंड हा वाईट राउंड. पहिला उत्साहात ७० मध्ये जातो, दुसरा बरा जातो, चौथ्यात शेवट दिसतो. तिसऱ्यात कुणी बघत नसतं, पाय जड झालेले असतात आणि पोराचं लक्ष शेताकडे, घराकडे, कुठेही जातं, ८४ सेकंद. तिथे मी ट्रॅकच्या पलीकडच्या वळणावर उभा राहून ओरडतो, आणि मला ओरडता येतं. महिन्यातून एकदा पूर्ण चाचणी असते, तेव्हा मागे काही ठेवायचं नाही. काही पोरांना आपल्यात किती आहे तेच माहीत नसतं. जरा छाती भरून आली की ती मंदावतात, आणि शहाणपणाचं नाव देतात. अशांना तळ एकदा दाखवावा लागतो. अशी पोरं थोडी, पण त्यांच्याशी माझी पद्धत कमी पडते, हे मला दिसतं. माझा स्वभावच मागे खेचणाऱ्याचा.

हे तोंडावर सांगणारा एक जण आहे. भरतीच्या आधीचे दहा दिवस मी सगळ्यांचा सराव जवळजवळ निम्म्यावर आणतो. वेग ठेवतो, अंतर कापतो. शेवटच्या दहा दिवसांत नवा दम कमावता येत नाही, साचलेला थकवा तेवढा उतरवता येतो. याला ते मानवलं नाही. पहिल्या भरतीत थोड्या सेकंदांनी त्याचे पूर्ण गुण हुकले, मेरिट गेलं. पुढच्या भरतीत लागला. आता खाकीत आहे, रजेवर आला की पहाटे मैदानावर हजर. आणि अजून म्हणतो, “सर, तुम्ही मला त्या दहा दिवसांत सोडलं असतं तर पहिल्या झटक्यात झालं असतं.” मी त्याला त्याची जुनी वही दाखवतो, नाडी दाखवतो. तो म्हणतो, वही तुमची, पाय माझे होते. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि त्याच्याकडे पुरावा नाही, म्हणून वाद दर सुट्टीला नव्याने होतो.

गेल्या दिवाळीपासून मी त्याला गुरुवारचा चढ दिलाय. तो असला की टेकडीवर वेगळीच आरडाओरड असते. ती कचरणारी चार-दोन पोरं त्याच्या मागे धावताना तोंडं लाल करून वर पोचतात आणि खाली येऊन हसतात, जे माझ्या हाताखाली त्यांनी कधी केलं नाही. त्याने एकदा हळूच विचारलं, शुक्रवारी पण घेऊ का? शुक्रवार माझा, म्हटलं. शुक्रवारी पाढे असतात, आणि त्यालाही एकोणतीसचा येत नाही.